बंद दारापुढची वही

आमच्या वाचनालयाच्या दाराशेजारी वेळांची एक पाटी आहे. मूळ वेळ तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली होती. पुढे कधीतरी त्यावर एक कागद डकवला गेला, त्या कागदावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. मागच्या महिन्यात दार उघडायची वाट बघत उभी होते तेव्हा मी त्या कागदांची कड नखाने चाचपली. चार थर लागले. सगळ्यात खालची वेळ मला पाठ आहे, कारण माझी शाळेची सगळी वर्षं त्याच वेळेवर चालली: सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. सगळ्यात वरचा कागद म्हणतो: मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी एक ते चार.

यातला प्रत्येक कागद लागला तेव्हा मी तिथे येत होते. प्रत्येक वेळी थोडी चुटपूट लागली आणि प्रत्येक वेळी मी नव्या वेळेची सवय करून घेतली. वाचनालय बंद होणार असं कोणी म्हटलंच नव्हतं. एक तास इकडून गेला, एक वार तिकडून गेला, एवढंच. आता मात्र ते शब्द आले आहेत. येत्या आर्थिक वर्षात या शाखेसाठी तरतूद करायची की नाही, याचा विचार चालू आहे. कारण एका ओळीत दिलंय: वापर घटला.

ही ओळ वाचल्यापासून मला नीट झोप लागत नाही. आठवड्याला सत्तरेक तास उघडं असणारं दार तुम्ही नऊ तासांवर आणलंत आणि मग माणसं मोजलीत.

आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि आम्ही सहा जण होतो. वडिलांची पाळी पहाटेची असायची, म्हणून रात्री नऊला दिवा बंद. घरात एकच टेबल होतं आणि त्यावर नेहमी काहीतरी दुसरं ठेवलेलं असायचं. वाचनालयात मात्र मला एक खुर्ची होती. खिडकीपासून तिसरी, जिचा डावा हात थोडा सैल होता. ती माझी आहे असं कोणी म्हटलं नव्हतं, पण मी तिथे बसले म्हणून कोणी उठवलंही नाही. तू कोण, कुठून आलीस, काय घेणार आहेस, किती वेळ बसणार आहेस, यातलं काहीही कोणी विचारलं नाही. लहानपणी मला हे अगदी साधं वाटायचं. मोठेपणी शहरभर वणवण केल्यावर कळलं की पैसे न मोजता, कोणाचं पाहुणं न होता, संशयाच्या नजरा न झेलता तासन्‌तास बसता येईल अशी छप्पर असलेली जागा जवळपास कुठेच नसते. दुकानात काही विकत घ्यावं लागतं. कचेरीत काम असावं लागतं. प्रार्थनास्थळात श्रद्धा असावी लागते, निदान तसं दाखवावं लागतं. वाचनालयात नुसतं असलं तरी चालतं.

तिथल्या ग्रंथपाल बाई फार कमी बोलायच्या. मी चौथीत असताना मला एका मोठ्या नकाशासंग्रहाचं वेड लागलं होतं. तो संदर्भ विभागातला, घरी न्यायला मिळत नसे. उद्या तो दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ नये म्हणून मी रोज संध्याकाळी तो खालच्या कप्प्यात, जाड कोशांच्या मागे सरकवून ठेवायची. एके दिवशी पाहिलं तर तिथे तो नव्हता. मी रडवेली होऊन कपाटं शोधत होते. बाई आल्या, मला त्यांच्या टेबलाशी घेऊन गेल्या. नकाशासंग्रह तिथे बाजूच्या स्टुलावर ठेवलेला होता. म्हणाल्या, "मागे लपवलंस तर पुस्तकाची पाठ मोडते. इथे ठेव. कोणी मागितला तर देईन, तुला हवा तेव्हा तू घे." त्यानंतर दोन वर्षं तो त्या स्टुलावरच होता. तो कोणीच मागितला नाही की त्यांनी कोणाला दिला नाही, हे मी कधी विचारलं नाही. देवघेवीच्या नोंदवहीत त्या दोन वर्षांतली माझी एकही नोंद सापडणार नाही. पुस्तक बाहेर गेलंच नव्हतं. ज्या हिशोबाने आज वापर मोजला जातो, त्या हिशोबाने ती मुलगी तिथे आलीच नव्हती.

वाचनालयांच्या इतिहासाबद्दल मी बरंच वाचलं आहे. आता बंद होण्याचं कळल्यावर ते सगळं परत काढून वाचलं. त्यातली एक गोष्ट पूर्वी वाचूनही माझ्या लक्षात आली नव्हती. लोकांच्या करातून चालणारी वाचनालयं उघडण्याची परवानगी देणारा कायदा ब्रिटिश संसदेने १८५० साली केला. विल्यम युअर्ट या खासदाराने तो मांडला. त्याच्यामागे मोठी मेहनत होती एडवर्ड एडवर्ड्‌स या माणसाची. हा गवंडीकाम शिकलेला, स्वतःच्या वाचनावर वर आलेला, पुढे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात लागलेला माणूस. कायद्याला विरोध कडाडून झाला. कर्नल सिब्थॉर्प नावाच्या एका सभासदाने तर सभागृहात सांगितलं की आपल्याला वाचन मुळीच आवडत नाही आणि ऑक्सफर्डला असताना त्याचा तिटकारा होता. ज्याला स्वतःला पुस्तकं सहज मिळाली, त्यानेच ती इतरांना कशाला हवीत असं विचारावं, हे मला आजच्या चर्चांमध्येही ऐकू येतं.

पण मी म्हणत होते ती गोष्ट वेगळी आहे. त्या कायद्याने दहा हजारांवर वस्ती असलेल्या गावांना, करदात्यांपैकी मत देणाऱ्या दोन तृतीयांश लोकांची संमती असेल तर, पौंडामागे अर्धा पेनी कर बसवायची मुभा दिली. त्या पैशातून इमारत उभी करता येत होती, नोकर ठेवता येत होता. पुस्तकं मात्र घेता येत नव्हती. ती कोणीतरी दान देईल असं गृहीत धरलं होतं. पाच वर्षांनी, १८५५ मध्ये, कर एक पेनी झाला आणि पुस्तकं विकत घ्यायला परवानगी मिळाली. म्हणजे सार्वजनिक वाचनालय जन्मलं तेच अर्ध्या पोटी. भिंती देऊ, आतलं तुमचं तुम्ही बघा. ही वृत्ती अजून गेलेली नाही. कोनशिला बसवायला, फीत कापायला पैसा उभा राहतो. नव्या पुस्तकांसाठी, दिव्याच्या बिलासाठी, ग्रंथपालाच्या पगारासाठी दर वर्षी हात पसरावे लागतात.

हे अँड्र्यू कार्नेगीला पक्कं कळलं होतं. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवलेला हा माणूस. त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचं काय झालं हेही विसरू नये. १८९२ च्या होमस्टेडच्या संपात माणसं मेली. पण त्याच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून जास्त वाचनालयं उभी राहिली हेही खरं आहे. त्याच्या देणगीला एक अट असायची: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम गावाने दर वर्षी वाचनालय चालवायला खर्च करायची, असं लिहून द्यायचं. काही गावांनी या अटीपायी देणगी नाकारली. मला ती अट देणगीपेक्षा मोलाची वाटते. ती घालणारा माणूस लहानपणी तार पोचवणारा पोऱ्या होता. कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थाने आपली चारेकशे पुस्तकं दर शनिवारी काम करणाऱ्या मुलांसाठी खुली ठेवली होती. पुढे त्या संग्रहाची संस्था झाली आणि या पोऱ्याकडे वर्गणी मागितली गेली. त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून भांडण काढलं आणि जिंकलं. दर शनिवारी दार उघडायचं, आणि ते उघडत राहायचं, याचं मोल त्याला तेव्हाच कळलं असणार.

दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, न चुकता दार उघडतं म्हणून माणूस त्या दाराच्या भरवशावर आपलं आयुष्य लावतो. कामावरून सुटलेली बाई सव्वासहाला येऊ शकते. ते दार पाचला बंद होऊ लागलं की ती भांडायला येत नाही, पत्र लिहीत नाही. ती फक्त येणं थांबवते. मग तिचं कार्ड नूतनीकरणाशिवाय राहतं. मग सभासदसंख्या घटते. मग नव्या पुस्तकांचा निधी कमी होतो, कारण सभासद कमी. नवी पुस्तकं नाहीत म्हणून जे येत होते तेही कंटाळतात. मग दोन जणांच्या जागी एकच कर्मचारी, तो आजारी पडला की दार बंद, आणि ‘जाऊन बघावं तर बंदच असतं’ हे एकदा तोंडी पसरलं की पुढचं काम आपोआप होतं. चौथा कागद लागतो. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. प्रत्येकाने आपल्या पुढ्यातला आकडा थोडा कमी केला, एवढंच.

ब्रिटनमध्ये २०१० नंतर सरकारी खर्चात कपात सुरू झाली तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. पहिल्या सहाच वर्षांत तीनशेहून जास्त वाचनालयं बंद झाली आणि आठ हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या, म्हणजे चारातली एक. दशक संपेपर्यंत बंद झालेल्यांचा आकडा पावणेआठशेच्या आसपास होता. गंमत नाही, ज्या देशाने १८५० चा कायदा केला तोच हा देश. तिथे १९६४ पासून दुसरा कायदाही आहे, जो स्थानिक संस्थांवर ‘व्यापक आणि कार्यक्षम’ ग्रंथालयसेवा देण्याचं बंधन घालतो. पण व्यापक म्हणजे किती दारं आणि कार्यक्षम म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलेलं नाही. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. तास कोणी लिहून ठेवले नाहीत.

लंडनमधल्या केन्सल राइज इथल्या वाचनालयाची गोष्ट मला सारखी आठवते. १९०० साली तिथला वाचनकक्ष मार्क ट्वेनच्या हस्ते उघडला होता. २०११ मध्ये ते बंद केलं गेलं. लोकांनी बाहेर पहारा ठेवला, थंडीवाऱ्यात दारापुढे पुस्तकांचं टेबल मांडलं. २०१२ च्या मे महिन्यात एका रात्री, लोक झोपेत असताना, माणसं पाठवून आतली पुस्तकं काढून नेली. दिवसाउजेडी नेता आली असती. रात्री नेली, याचा अर्थ नेणाऱ्यांनाही आपण काय करतोय ते ठाऊक होतं.

त्याआधी, २०११ च्या जानेवारीत, स्टोनी स्ट्रॅटफर्ड या छोट्या गावाने दुसरंच काही केलं. वाचनालय बंद होणार असं कळल्यावर गावकऱ्यांनी ठरवलं की प्रत्येकाने आपल्या कार्डावर मिळतील तेवढी सगळी पुस्तकं घरी न्यायची. थोड्याच दिवसांत जवळपास सोळा हजार पुस्तकं गेली. कपाटं उघडी पडली. रिकाम्या फळ्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. मी ते फोटो पुष्कळदा पाहिले आहेत. ती पुस्तकं चोरीला गेली नव्हती, जळली नव्हती. ती घरोघरी, उशांपाशी आणि जेवणाच्या टेबलांवर होती.

अमेरिकेतलं सलिनास हे कादंबरीकार जॉन स्टाइनबेकचं जन्मगाव. तिथल्या नगर परिषदेने २००४ मध्ये, तिजोरीत खड्डा पडला म्हणून, गावातली तिन्ही वाचनालयं बंद करायचं ठरवलं. त्यातल्या एकाला त्याचंच नाव आहे. पुढच्या एप्रिलमध्ये लोकांनी वाचनालयाबाहेर चोवीस तास सलग मोठ्याने वाचन केलं. देणग्यांवर, थोड्या थोड्या तासांसाठी दारं उघडी ठेवली गेली. आणि २००५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच गावाने मतदान करून स्वतःवर जादा विक्रीकर बसवून घेतला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या अखेरीस कपातीमुळे बहुतेक शाखांची रविवारची सेवा गेली आणि आरडाओरडा झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात परत आली. गेलेला रविवार परत येऊ शकतो, हे वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. आपण समजतो की कपात म्हणजे पावसासारखी, वरून पडणारी गोष्ट. ती कोणीतरी बसून लिहिलेली असते. लिहिलेलं खोडता येतं. हेलसिंकीने २०१८ मध्ये ओदी नावाचं मोठं सार्वजनिक वाचनालय उघडलं ते थेट संसद भवनासमोर. तिथेही पैशाची चणचण असतेच. कुठे वापरायचा ते त्यांनी ठरवलं.

आता फोनवर सगळं मिळतं की, असं मला घरातल्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी सांगितलं. मी त्याला हसत नाही. मीसुद्धा फोनवर वाचते. पण विकत घेतलेलं छापील पुस्तक वाचनालयाच्या मालकीचं होतं. फाटेपर्यंत कितीही जणांना देता येतं. ई-पुस्तकांचं तसं नाही. वाचनालयाला बहुधा फक्त परवाना मिळतो. २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने नियम काढला की एक ई-प्रत २६ वेळा दिली गेली की संपली, पुन्हा पैसे भरा. काही ठिकाणी दोन वर्षांनी परवाना आपोआप सरतो. माझ्या नकाशासंग्रहावर अशी मुदत असती तर माझी पाळी येण्याआधीच तो नाहीसा झाला असता. शिवाय ज्याच्याकडे फोन आहे पण डेटा नाही, फोन आहे पण तो घरात तिघांत एक आहे, फोन आहे पण पडद्यावरचं बारीक अक्षर दिसत नाही, असे लोक कुठे जातात? ते वाचनालयात येतात. अर्ज भरायला, निकाल बघायला, पासवर्ड विसरला म्हणून. कचेऱ्या आपली खिडकीवरची माणसं कमी करून ‘ऑनलाइन करा’ म्हणतात, आणि त्या ऑनलाइनचा सगळा भार पुढच्या चौकातल्या ग्रंथपालावर येऊन पडतो. मग त्याचंच पद रद्द होतं.

ग्रंथपाल कशाला हवा, स्वयंसेवक बसतील की, असंही म्हटलं गेलं. मी स्वतः सहा महिने स्वयंसेवक म्हणून बसले आहे, म्हणून जबाबदारीने सांगते: मी शिक्के मारू शकत होते, पुस्तकं जागेवर लावू शकत होते. पण एकदा एक मुलगा आला, पंधरा-सोळा वर्षांचा. म्हणाला, "झोप न येण्यावर काही आहे का?" मी त्याला आरोग्य विभाग दाखवला. त्याने दोन पुस्तकं चाळली आणि गेला. मी संध्याकाळी हे जुन्या ग्रंथपालांना सांगितलं. ते म्हणाले, "झोप का येत नाही ते विचारलंत?" मी विचारलं नव्हतं. विचारायचं कसं, हे शिकावं लागतं. खोचक न होता, उपदेश न करता, समोरच्याला त्याची लाज न वाटू देता त्याला नेमकं काय हवंय तिथवर पोचायचं. हा धंदा आहे, यात वर्षं जातात. तो मुलगा पुन्हा दिसला नाही. मला अजून तो आठवतो.

शियाळी रामामृत रंगनाथन यांची पाच सूत्रं ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. ते गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्या निवांत खुर्चीला कंटाळून त्यांना परत शिकवायला जायचं होतं. मग शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, तिथली सार्वजनिक वाचनालयं हिंडून पाहिली, आणि कायमचे या कामाचे झाले. १९३१ साली त्यांनी सूत्रं पुस्तकरूपात मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. मला आधी पहिलं सूत्र फार उघड वाटायचं. ग्रंथ उपयोगासाठी, यात सांगायचं काय? मग मूळ विवेचन वाचलं. पूर्वी युरोपात पुस्तकं साखळीने कपाटाला बांधून ठेवत, तिथून ते सुरू करतात आणि मग वळतात ते चार अगदी व्यवहारी गोष्टींकडे: ग्रंथालय कुठे आहे, किती वेळ उघडं असतं, आत बसायला कसं आहे, आणि कर्मचारी कोण आहेत. साखळी काढली तरी दाराला कुलूप असेल तर पुस्तक बांधलेलंच आहे. नऊ तासांची पाटी ही मला तशी साखळी वाटते.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटल्यावर हातात काही वाचायला नसेल तर शिकलेली अक्षरं पुसली जातात. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावी मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे इमारत नव्हती तिथे पेट्यांमध्ये पुस्तकं भरून पाठवली. एका गावाची वाचून झाली की पेटी परत, नवी रवाना. त्याच काळात, १९०५ मध्ये, अमेरिकेत मेरीलँड राज्यात मेरी टिटकम या ग्रंथपाल बाईंनी घोडागाडीतून शेतावरच्या घरांपर्यंत पुस्तकं न्यायला सुरुवात केली होती. पहिली गाडी काळ्या रंगाची होती. एका घरातून, आमच्याकडे कोणी मेलेलं नाही, पुढे जा, असं सांगण्यात आलं. त्यांनी गाडीची चाकं लाल रंगवून घेतली. मंदीच्या वर्षांत केंटकीच्या डोंगरात बायका घोड्यावर बसून, खोगिराच्या पिशव्यांतून पुस्तकं पोचवत. १९३५ मध्ये सुरू झालेलं ते काम १९४३ मध्ये सरकारी पैसा थांबला आणि संपलं. घोडे होते, बायका होत्या, वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसं होती. त्या डोंगरात पुढच्या आठवड्यात कितीजण अंगणात उभे राहिले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच विचारातून वही आली.

शाखेच्या भवितव्यावर एक बैठक झाली. तिथे आकडे वाचून दाखवले गेले: इतके सभासद, इतकी देवघेव, मागच्या वर्षीपेक्षा इतकी कमी. वाचणारे गृहस्थ भले होते, त्यांनाही ते वाचताना बरं वाटत नव्हतं. मी उभी राहून विचारलं, "बंद असताना कोण आलं, ते मोजलंय का?" खोलीत थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "ते कसं मोजणार?"

म्हणून आम्ही चार-पाच वाचकांनी पाळ्या लावल्या. शंभर पानी वही, एक पेन, आणि पायरीवर बसायला एक सतरंजी. वाचनालय बंद असेल तेव्हा, सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे जुन्या पाटीच्या वेळात. जो येईल त्याला नाव विचारायचं नाही. कशासाठी आलात एवढंच विचारायचं, सांगितलं तर लिहायचं.

पहिल्या दिवशी मला भीती वाटत होती की पान कोरं राहील आणि त्या ओळीचंच खरं होईल. सव्वाआठला एक आजोबा आले. वर्तमानपत्र वाचायला. बंद आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "पाय वळतात इकडे." नऊच्या सुमारास एक तरुण, परीक्षेचा अभ्यास करणारा, हातात पाण्याची बाटली आणि जाड वह्या. घरात लहान बाळ आहे, म्हणाला. त्यानंतर एक बाई, त्यांना एका अर्जाची छापील प्रत काढायची होती आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी त्यांना छपाईचं दुकान दाखवलं. त्या जाताना दोनदा मागे वळून पाहत गेल्या, दार मध्येच उघडेल अशा आशेने. दुपारच्या उन्हात एक माणूस आला, त्याने काहीच सांगितलं नाही. तो सावलीत भिंतीला टेकून अर्धा तास बसला आणि गेला. वहीत मी लिहिलं: ‘बसायला.’

पुढे सवय झाली. नवीन राहायला आलेली, भाषा शिकू पाहणारी बाई. नोकरी गेलेला पण घरी अजून न सांगितलेला एक गृहस्थ. हे त्याने तिसऱ्या दिवशी सांगितलं, पहिले दोन दिवस ‘सहज’ म्हणाला होता. आपल्या वडिलांच्या आजाराचं नाव कागदावर लिहून आणलेली मुलगी. एक शिक्षिका, जी पूर्वी दर महिन्याला वर्गासाठी पुस्तकांचा गठ्ठा न्यायची. गणिताची जुनी पुस्तकं शोधणारा मुलगा, जो बंद दाराच्या काचेला कपाळ लावून आतली कपाटं वाचायचा प्रयत्न करत होता आणि मला म्हणाला, "तिसऱ्या कपाटात आहे, इथून दिसतंय." तो शाळा सोडलेला आहे, हे नंतर कळलं. मला ऑगस्ट विल्सन आठवला. हा पुढे मोठा नाटककार झालेला मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून आला. त्याने लिहिलेला निबंध त्याचा स्वतःचा नाहीच, असा आरोप झाला होता. शाळा सोडल्याचं घरी न सांगता तो पिट्सबर्गच्या कार्नेगी वाचनालयात जाऊन बसायचा. पुढे त्या वाचनालयाने त्याला शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र दिलं. तो रोज जायचा तेव्हा ते दार उघडं होतं.

वही आता भरत आली आहे. ती पुढच्या बैठकीत वाचून दाखवायची असं ठरलंय, सगळी, पहिल्या पानापासून, कितीही वेळ लागला तरी. एकजण म्हणाले, सारांश काढू, आकडे करू. मी नको म्हटलं. आकड्यांनीच तर या माणसांना वगळलं होतं.

काल गुरुवारी माझी पाळी होती. चारला दार बंद झालं, ग्रंथपाल गेले, मी पायरीवर बसले. पाचपर्यंत कोणी नाही. मग गल्लीच्या टोकाकडून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पळत येताना दिसली, आठ-नऊ वर्षांची. पाठीवरचं दप्तर उडत होतं. दारापाशी पोचून तिने कडी हलवून पाहिली. मग पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दप्तरातून एक पुस्तक काढलं आणि परतपेटीच्या फटीतून आत सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला. ती फटीला कान लावून जरा वेळ उभी राहिली.

मी वही उघडली आणि कशासाठी आली होतीस ते विचारलं. तिने सांगितलं तसंच लिहून घेतलं:

‘गुरुवार, ५.४०. एक पुस्तक परत. दुसरं पाहिजे होतं. याच्या पुढचा भाग.’